गुण वर पोचतात, चुका वर्गातच राहतात: गणित-विज्ञानाच्या प्रशिक्षणाची आखणी करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्य व जिल्हा पातळीवर गणित आणि विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणाची आखणी करणारे अधिकारी, अधिव्याख्याते व विषय साधनव्यक्ती यांस,

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला एका जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळेत मी सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. आमच्या वाट्याला येणाऱ्या बहुतेक प्रशिक्षणांत ‘संशोधनाने असे सिद्ध झाले आहे’ हे वाक्य एकदा तरी कानावर पडतेच. संशोधनाला माझा विरोध नाही. जे थोडेफार वाचायला मिळाले, त्याचा वर्गात मला उपयोगच झाला आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की आमच्यापर्यंत निष्कर्ष तेवढा येतो. मुलांना नेमके काय विचारले, त्यांनी काय उत्तर दिले, त्या उत्तरामागे त्यांचा हिशेब काय होता, हे मात्र वाटेत कुठेतरी गळून जाते. वर्गात कामी येते ते नेमके हेच. म्हणून आसपासच्या शाळांच्या केंद्रात दर महिन्याला होणाऱ्या शिक्षण परिषदेत आणि चाचण्यांच्या नोंदीत मुलांच्या चुकीच्या उत्तरांना जागा मिळावी, अशी या पत्राद्वारे मागणी करीत आहे.

मोघम बोलण्यापेक्षा दशांश अपूर्णांकांचे उदाहरण घेते. सहावीच्या मुलांना ०.३५ आणि ०.८ यांतली मोठी संख्या कोणती असे विचारले, तर बरीच मुले ०.३५ म्हणतात, कारण पस्तीस हे आठापेक्षा मोठे. आपण वाचतोही ‘पॉइंट पस्तीस’ असेच, त्यामुळे दशांशचिन्हाच्या उजवीकडे वेगळी पूर्ण संख्या उभी आहे, हा समज घट्ट होत जातो. याच वर्गात थोडी मुले अशीही असतात की त्यांना ०.३ आणि ०.३५ यांत ०.३ मोठे वाटते. दशांश हा शतांशापेक्षा मोठा असतो हे त्यांनी ऐकलेले असते आणि ते खरेही आहे; पण तेवढ्यावर ती ‘जितके अंक कमी तितकी संख्या मोठी’ असा नियम स्वतःशी बांधून बसतात. मेलबर्न विद्यापीठातील के स्टेसी आणि विकी स्टाइनली यांनी हजारो विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून हे दोन्ही प्रकार आणि त्यांचे पोटप्रकार नीट वेगळे करून दाखवले आहेत. त्यांच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे प्रश्नांची निवड. ०.७५ आणि ०.५ यांची तुलना विचारली, तर पहिल्या प्रकारचे मूल चुकीच्या नियमाने बरोबर उत्तर देते आणि दुसऱ्या प्रकारचे चुकते. ०.३५ आणि ०.८ विचारले की नेमके उलट होते. दोन्ही संख्यांत अंक सारखेच असतील, तर सगळेच पास होतात आणि शिक्षकाला वाटते की घटक झाला. ‘शून्ये लावून अंक सारखे करा आणि मग तुलना करा’ ही आपली लाडकी युक्ती याच कारणाने फसवी आहे. तिने उत्तर बरोबर येते, पण गैरसमजाला हात लागत नाही, आणि पुढे टक्केवारीत, मापनात, आठवीच्या विज्ञानातल्या घनतेच्या गणितात तो पुन्हा डोके वर काढतो.

आमच्या भागात याला आणखी एक पदर आहे. कापूसवेचणीच्या दिवसांत मुले आईबरोबर शेतात असतात आणि संध्याकाळी वजनाच्या काट्याजवळ उभी असतात. काट्यावर ४.३५० दिसले की ‘चार किलो साडेतीनशे’ असे त्यांना बिनचूक सांगता येते. प्रशिक्षणात याला ‘स्थानिक संदर्भ’ म्हणतात आणि त्याचे कौतुक होते. पण वर्गात याच मुलांना ४.५ किलो म्हणजे किती ग्रॅम असे विचारले, तर ‘चार किलो पाच ग्रॅम’ हे उत्तर हमखास येते. काट्यावरच्या आकड्याचे त्यांच्या लेखी दोन तुकडे असतात, डावीकडे किलो आणि उजवीकडे ग्रॅम, आणि नेहमी तीन अंक दाखवणाऱ्या काट्यावर तो समज कधी चुकीचा ठरतच नाही. रुपये-पैशांचेही तसेच आहे. म्हणजे ज्या संदर्भातून शिकवा असे आम्हाला सांगितले जाते, तोच संदर्भ गैरसमज पोसतो आहे. संदर्भ टाकून द्यावा असे मी म्हणत नाही, पण ४.५, ४.५० आणि ४.०५ ही तीन वजने एकाच तागडीत मुलांच्या हातून करून घेतल्याखेरीज तो उपयोगी पडत नाही, हे सांगणारे कुणीतरी हवे.

याच मुद्द्याचे एक मोठे संशोधन आपल्याच देशात झाले आहे. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्रीचे काम करणाऱ्या सुमारे चौदाशे मुलांना संशोधकांनी आधी गिऱ्हाईक होऊन खरेदीचे हिशेब करायला लावले आणि नंतर तशीच गणिते शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२५ साली ‘नेचर’मध्ये आला. बाजारात तोंडी हिशेब सफाईने करणारी मुले कागदावर अडखळली. आणि शाळेत कागदी गणिते सोडवणारी, बाजारात काम न करणारी मुले बाजाराच्या हिशेबात अडखळली. त्याआधी १९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांवर असाच अभ्यास झाला होता. रस्त्यावर त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली, शाब्दिक उदाहरणांत सुमारे ७४ टक्के आणि नुसत्या आकडेमोडीत सुमारे ३७ टक्के. या दोन्ही अभ्यासांतून ‘मुलांना व्यवहारातले गणित येते, ते वर्गात आणा’ एवढेच वाक्य प्रशिक्षणात पोचले, तर ते अर्धेच पोचले असे म्हणावे लागेल. दोन गणितांमधला पूल आपोआप तयार होत नाही, तो शिक्षकाला बांधावा लागतो, हा त्यातला आम्हाला हवा असलेला अर्धा भाग आहे.

एप्रिलमध्ये शाळा सुरू असताना सोयाबीनची उगवणक्षमता तपासणे ही आमच्याकडची अशीच एक संधी आहे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळून ठेवायचे, पाणी शिंपडत राहायचे आणि काही दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तरहून कमी दाणे उगवले तर बियाणे कमअस्सल, हे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला माहीत असते. दाणे शंभर असल्यामुळे टक्केवारी आयती मिळते, आणि म्हणूनच टक्केवारी शिकायची राहून जाते. म्हणून मी एका गटाला शंभर दाणे देते आणि दुसऱ्याला वीसच. शंभरांतले ८० उगवले आणि विसांतले १५, तर बियाणे कुणाचे चांगले? ‘ऐंशी जास्त’ म्हणणारे मूल बरोबर ठरते, पण त्याने प्रमाण पाहिलेले नसते. ‘यांचे वीस मेले, त्यांचे पाचच’ म्हणणारे चुकते, आणि त्याच्या चुकीत निदान तुलनेचा विचार तरी असतो. खरा पाठ इथून सुरू होतो, आणि तो त्या तासाला संपत नाही.

विज्ञानातही मुलांच्या डोक्यात आधीपासून काहीतरी असते आणि ते बहुधा तर्काला धरून असते. वनस्पती आपले अन्न मातीतून घेतात, हा समज जगभरच्या मुलांत आढळतो. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या रोझलिंड ड्रायव्हर यांच्यासारख्या संशोधकांनी १९८०च्या दशकात अशा कल्पनांचा कसून अभ्यास केला. आमच्या मुलांजवळ तर या समजाला भक्कम पुरावा आहे: घरात डीएपी आणि युरियाची पोती रचलेली असतात आणि ‘पिकाला खाऊ घालायचे’ असेच मोठी माणसे बोलतात. मग सातवीतले मूल परीक्षेत प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या चोख लिहिते आणि शेतात गेल्यावर खताला अन्न मानते. दोन कप्पे झालेले असतात, एक परीक्षेचा आणि एक जगण्याचा. व्हॅन हेल्माँट या शास्त्रज्ञाने वाळुंजाचे रोप तोललेल्या मातीत पाच वर्षे वाढवले. झाड १६४ पौंडांनी वाढले आणि माती जेमतेम दोन औंसांनी घटली, ही १६४८ साली छापली गेलेली हकीकत मी मुलांना सांगते. त्याने झाड पाण्यापासून बनले असा निष्कर्ष काढला आणि तोही अपुराच होता, हे कळल्यावर मुलांना विशेष आनंद होतो. पण ही गोष्ट मी व्याख्येच्या आधी सांगते. झाडाचे एवढे लाकूड आले कुठून, याचा अंदाज प्रत्येकाने वहीत लिहून झाल्याशिवाय पुढे जात नाही, कारण लिहिलेला अंदाज मोडतो तेव्हाच मूल बदलते. न लिहिलेला अंदाज मागाहून सोयीने विसरता येतो.

अंदाज आधी, निरीक्षण नंतर, आणि मग त्या दोहोंतल्या फरकाचे स्पष्टीकरण, ही रीत सावलीच्या प्रयोगात फार चांगली चालते. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली येते’ हे आमच्या शाळेतले जवळजवळ प्रत्येक मूल सांगते, आणि माझा अनुभव असा की पुष्कळ शिक्षकही सांगतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सव्वाबाराच्या सुमारास मैदानात एक मीटर लांबीची काठी उभी करावी. आमच्या अक्षांशावर तिची सावली सुमारे ९५ सेंटिमीटर पडते, म्हणजे जवळजवळ काठीएवढीच. मुले काठी वाकडी आहे म्हणतात, घड्याळ चुकले म्हणतात, ओळंबा लावून बघतात. सावली खरोखर पायाखाली येण्याचे दिवस आमच्याकडे वर्षातून दोनच, एक २० मेच्या आसपास आणि दुसरा २३ जुलैच्या आसपास. पहिल्या वेळी शाळा उन्हाळी सुट्टीत आणि दुसऱ्या वेळी आभाळ ढगांत, त्यामुळे जे पाठ आहे ते कुणी पडताळून पाहिलेले नसते. या प्रयोगाला एक काठी आणि एक मोजपट्टी लागते. तरीही विज्ञान पेटीचे साहित्य वापरल्याचे फोटो आमच्याकडून मागवले जातात, मुलांनी आधी लिहिलेले अंदाज मात्र कुणी मागवत नाही.

आता प्रशिक्षणाविषयी थोडे परखड लिहिते. ‘वाचलेले दहा टक्के लक्षात राहते, ऐकलेले वीस टक्के आणि केलेले नव्वद टक्के’ असा एक त्रिकोण आम्हाला पडद्यावर अनेकदा दाखवण्यात आला आहे. या नेटक्या आकड्यांना कुठल्याही अभ्यासाचा आधार नाही. दृश्य शैलीची मुले, श्राव्य शैलीची मुले अशी वाटणी करून शिकवल्याने शिकणे सुधारते, या समजुतीचा २००८ साली हॅरोल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी आढावा घेतला तेव्हा तिला पुरेसा पुरावा नसल्याचेच दिसून आले. तरीही दोन्ही गोष्टी संशोधन म्हणून आमच्यापुढे येत राहतात. प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राच्या काळात, २०१५ नंतर, ज्ञानरचनावादाचा मोठा गाजावाजा झाला. गावोगावच्या शाळांच्या फरशा रंगल्या, वर्गात खडे आणि काड्या आल्या. त्यातून लहान वर्गांना फायदा झालाच नाही असे मी म्हणणार नाही. पण मुलाने ज्ञान स्वतः रचायचे याचा अर्थ शिक्षकाने सोडवून दाखवायचेच नाही, असा लावला गेला. नवशिक्या विद्यार्थ्याला आधी सोडवलेली उदाहरणे अभ्यासायला दिली तर त्याचे शिकणे सोपे होते, हे जॉन स्वेलर यांच्या १९८५ पासूनच्या बीजगणितावरील प्रयोगांतून पुढे आलेले आहे, आणि पहिल्यांदा समीकरण पाहणाऱ्या सातवीच्या मुलाच्या बाबतीत मला ते दरवर्षी पटते.

बदलामागचे कारण न पोचता नुसता बदल पोचला तर काय होते, हे २०१९ साली सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले आणि त्याची यथेच्छ टिंगल झाली. बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका शांतपणे मांडली, पण तोवर शिक्षकांनीही विनोद पुढे पाठवले होते. त्या बदलाच्या बाजूने वा विरोधात कुणाचे मत काहीही असो, एकविसाचे अंक मुले कसे उलटे लिहितात याच्या वह्या आधी केंद्राकेंद्रांत पाहिल्या गेल्या असत्या, तर निदान चर्चा तरी गणिताची झाली असती.

एका संशोधनाची मात्र आमच्या भागाला तातडीने गरज आहे आणि ते आमच्यापर्यंत आलेलेच नाही. आपली पुस्तके एक घटक सलग शिकवतात, त्यावरचा उदाहरणसंग्रह सोडवून घेतात आणि पुढे जातात. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये डग रोहरर आणि सहकाऱ्यांनी सातवीच्या ५४ वर्गांत निम्म्यांना असा घटकवार सराव दिला आणि निम्म्यांना वेगवेगळ्या घटकांची उदाहरणे मिसळून, काही महिन्यांवर पसरून दिली. पुढे महिनाभराने, न सांगता घेतलेल्या चाचणीत मिसळून सराव केलेल्यांना ६१ टक्के आणि घटकवार सराव केलेल्यांना ३८ टक्के गुण पडले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अनुपस्थितीचा विचार नाही; मी तो इथे करते आहे. दिवाळीच्या मागेपुढे वेचणी जोरात असते, आमच्या वर्गातली उपस्थिती घसरते आणि कोलाम आदिवासींच्या पोडांवरची, म्हणजे वस्त्यांवरची, काही मुले आईवडिलांबरोबर कामाला बाहेरगावी जातात. या काळात शिकवलेला घटक त्या मुलांच्या हातून वर्षभरासाठी जातो, कारण पुस्तक परत तिकडे वळत नाही. सराव मिसळलेला आणि पसरलेला असेल, तर जानेवारीत परतलेल्या मुलाला नोव्हेंबरचा घटक पुन्हा भेटेल. आमच्याकडे हे खरोखर किती चालते, हे काही केंद्रांत वर्षभर करून पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. तसे करून पाहण्याची परवानगी आणि मिसळ सरावाचे छापील संच एवढे मिळावे.

पातळीनुसार गट करून शिकवण्याबाबतही मुंबई आणि वडोदऱ्यातल्या, मागे पडलेल्या मुलांना वेगळे शिकवणाऱ्या बालसखी कार्यक्रमाचा दाखला दिला जातो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फायदा दिसला हे खरे. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात तो बराचसा ओसरला हेही त्याच अभ्यासात आहे. हे दुसरे वाक्य गाळून शिक्षकांवर उपक्रम सोपवला, की फायदा ओसरल्याचा ठपका शिक्षकावर येतो.

नियतकालिक चाचण्यांच्या बाबतीत एक साधी गोष्ट सुचवायची आहे. आज आम्ही उत्तरपत्रिका तपासतो, प्रत्येक मुलाचे गुण मोबाइलवरून भरतो, शंभर टक्के नोंद झाली की नाही यासाठी आठवण करून देणारे संदेश येतात आणि तिथे तो विषय संपतो. ०.३५ मोठे म्हणणाऱ्या आणि ०.३ मोठे म्हणणाऱ्या दोन मुलांना सारखाच शून्य गुण मिळतो, त्यांना लागणारे अध्यापन मात्र वेगवेगळे असते. प्रत्येक चाचणीत दोन-तीन प्रश्न असे ठेवावेत की चुकीचे उत्तर पाहून चुकीचा नियम ओळखता येईल, आणि कोणत्या मुलाने कोणते चुकीचे उत्तर दिले याची नोंद वर न पाठवता शाळेत आणि केंद्रात राहावी. वर पाठवायला सांगितले, की तिचाही तक्ता होईल.

त्या नोंदी घेऊन आम्ही शिक्षण परिषदेला येऊ. सध्या परिषदेचा मोठा वेळ सूचना वाचून दाखवण्यात आणि राहिलेली माहिती गोळा करण्यात जातो, ज्यासाठी खरे तर एक संदेश पुरतो. त्यातला दीड तास एकाच प्रश्नाला द्यावा: प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातली चुकीची उत्तरे आणावीत, मुलाने असे का केले असेल यावर बोलावे, पुढच्या महिन्यात काय करून पाहायचे ते ठरवावे आणि पुढच्या परिषदेत काय झाले ते सांगावे, फसले तर फसले असेही. यात नवे काही नाही. सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद (आता नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांतून सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम शिक्षकांच्या अशाच मासिक गोष्ठींवर उभा होता आणि सरकारने २००२ साली बंद करीपर्यंत तो तीस वर्षे चालला. आपल्या राज्यातही १९७४ पासून मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. अशा संस्थांच्या कामातून मराठीत दोन-दोन पानांची टिपणे करून घेता येतील, ज्यांत कोणत्या वयाच्या मुलांना कोणता प्रश्न विचारला, किती जणांनी काय उत्तर दिले आणि नंतर काय केल्यावर फरक पडला एवढेच असेल. कोलामी, गोंडी आणि कोरकू बोलणाऱ्या मुलांच्या वर्गांसाठी आणि दोन शिक्षकांवर चार इयत्ता असणाऱ्या शाळांसाठी मात्र बाहेरची टिपणे पुरणार नाहीत. तिथल्या शिक्षकांच्या नोंदी हेच पहिले साहित्य ठरेल.

साधनव्यक्तींना एक विनंती. वर्षभरात पन्नास शाळांना धावती भेट देण्यापेक्षा चारच शाळा घ्या, पण त्याच वर्गात परत परत या आणि एखादा पाठ आमच्यासमोर तुम्हीही घ्या. मुले काय उत्तरे देतात ते दोघांनी मिळून ऐकू.

वेचणीच्या हंगामाआधी, सप्टेंबरच्या शिक्षण परिषदेपासून हे सुरू करता येईल. वेगळा निधी लागत नाही, नवे ॲप लागत नाही. कार्यक्रमपत्रिकेतला दीड तास मोकळा करण्याचे आणि त्या दीड तासाचे फोटो व लिंक न मागण्याचे लेखी पत्र केंद्रप्रमुखांना मिळावे, ही विनंती.

आपली,
जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळेतील एक गणित-विज्ञान शिक्षिका,
जिल्हा यवतमाळ